पलंगाचा मधला पाय

पलंग विकत घेताना आपण काय पाहतो? हेडबोर्ड शोभिवंत आहे का, रंग ड्रेसरशी जुळतो का, दोन ड्रॉवर जास्त मिळतात का, आणि अर्थातच किंमत. दुकानात गुडघे टेकून पलंगाखाली डोकावणारा ग्राहक मी तरी पाहिलेला नाही. मी स्वतःही डोकावलो नव्हतो. त्या न डोकावण्याची किंमत मला अकराशे डॉलरची गादी आणि वर्षभराची पाठदुखी अशी मोजावी लागली. तशी ती आपल्यापैकी कुणाला मोजावी लागू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२१ साली आम्ही क्वीन पलंगावरून किंगवर गेलो. कारण आपल्या बहुतेक घरांत असते तेच. मुलाला त्याची स्वतंत्र खोली होती, पण रात्री दोन वाजता तो उशी घेऊन आमच्यात येऊन झोपायचा. गादी नवी घेतली. फ्रेम मात्र कॉम्प्लेक्समधल्या एका कुटुंबाच्या मूव्हिंग सेलमधून साठ डॉलरला आणली. लाकूड चांगले होते, आडव्या पट्ट्या सगळ्या जागेवर होत्या. उशाकडच्या आणि पायथ्याकडच्या फळीवर आतल्या बाजूला मधोमध एकेक रिकामी लोखंडी खोबण होती. "असेल काहीतरी," असे म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केले.

पंधरा महिन्यांत गादीला मध्ये झोळ पडला. रात्री तिघे तीन जागी झोपायचो आणि सकाळी एकाच खळग्यात उठायचो. सौ.ची कंबर धरली, माझी पाठ आखडली. दहा वर्षांची वॉरंटी आहे म्हणून मी निर्धास्त होतो. कंपनीने फोटो मागवले: गादीवर दोरा ताणून झोळ मोजल्याचे, आणि गादी उचलून फ्रेमचे. झोळ दीड इंच भरला, म्हणजे वॉरंटीच्या मर्यादेपेक्षा जास्त. तरीही अर्ज नामंजूर झाला. कारण एका ओळीचे होते: फ्रेमला मधला आधार नाही.

त्या रिकाम्या खोबणी मधल्या दांड्याच्या होत्या. आधीच्या मालकांच्या कुठल्याशा स्थलांतरात तो दांडा हरवला असावा. माझी पदवी मेकॅनिकलची, पोट सॉफ्टवेअरवर. दुसऱ्या वर्षाला तुळईचा बाक किती येतो याची गणिते पानेच्या पाने सोडवली होती. घरातली तुळई मात्र ओळखता आली नाही!

गादी आणि फ्रेम: कोणाचे काम काय?

आपल्याकडे बाज होती तेव्हा हा प्रश्न सर्वांना कळत असे. सुंभ सैल झाले, झोळ पडला, की कोणी गोधडीला दोष देत नसे. बाज उलटी करून पायथ्याची दोरी आवळली जाई. पुढे प्लायवूडचे दिवाण आणि बॉक्सचे पलंग आले. त्यांच्यावर सलग सपाट फळी असते, त्यामुळे झोळाचा विषयच संपला. इथल्या पलंगात पुन्हा मोकळा गाळा आला, पण वर जाड गादी असल्यामुळे तो दिसत नाही.

गादीचे काम शरीराच्या उंचसखल भागांना जुळवून घेण्याचे. ती स्वतः वजन उचलत नाही, खाली पोहोचवते. ते वजन सर्व रुंदीवर सारख्या पातळीत तोलून धरणे हे फ्रेमचे काम. फ्रेम मध्ये वाकली की गादीही तिच्याबरोबर वाकते. मग फोम असो की स्प्रिंग, आठशेची असो की तीन हजारांची. उलट रोज रात्री वाकून वाकून चांगली गादीही कायमची बसते. म्हणून झोळ दिसला की आधी गादी उचलून खाली पाहावे, मग नव्या गादीच्या जाहिराती पाहाव्यात.

अडचण रुंदीची आहे

इथली प्रमाणित मापे अशी: ट्विन ३८ × ७५ इंच, फुल ५४ × ७५, क्वीन ६० × ८०, किंग ७६ × ८० आणि कॅलिफोर्निया किंग ७२ × ८४. कॅलिफोर्निया किंग नाव मोठे असले, तरी रुंदीला किंगपेक्षा चार इंच कमी आणि लांबीला चार इंच जास्त असतो. किंग म्हणजे ३८ × ८० ची दोन ट्विन एक्सएल शेजारी शेजारी. म्हणूनच किंगचे बॉक्स स्प्रिंग दोन तुकड्यांत येते. त्या दोन तुकड्यांच्या आतल्या कडा नेमक्या पलंगाच्या मध्यावर येतात, आणि तिथे दांडा नसेल तर त्या अधांतरी राहतात. "खाली बॉक्स स्प्रिंग आहे, मग मधल्या आधाराची काय गरज?" हा युक्तिवाद किंगच्या बाबतीत तरी टिकत नाही.

ट्विनमध्ये आडव्या पट्टीला ३८ इंच ओलांडायचे असतात, किंगमध्ये ७६. अंतर दुप्पट झाले, म्हणजे वाकणेही दुप्पट होईल असे आपल्याला वाटते. तिथेच फसगत होते.

थोडे गणित

शाळेतली एक फुटाची प्लॅस्टिकची पट्टी घ्या. दोन पुस्तकांवर तिची टोके ठेवा आणि मध्ये बोटाने हलके दाबा. आता पुस्तके जवळ आणून मधले अंतर निम्मे करा आणि तेवढ्याच जोराने दाबा. पट्टी जवळजवळ वाकतच नाही. नियम असा, की तेवढ्याच वजनाखाली पट्टीचा बाक अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दुप्पट तर बाक आठपट, अंतर निम्मे तर बाक एक अष्टमांश.

प्रत्यक्ष आकडे पाहू. आमच्या पलंगावर गादीचे १२० पाऊंड, आम्हा दोघांचे ३१० आणि मुलाचे ४५, असे एकूण ४७५ पाऊंड, म्हणजे सुमारे २१५ किलो वजन होते. ते तेरा पट्ट्यांवर वाटले तर एकेकीवर सरासरी छत्तीस-सदतीस पाऊंड येतात. त्यातले सगळे काही मध्यावर येत नाही, म्हणून मध्याशी वीस पाऊंड धरू. पट्टी पाइनची, पाऊण इंच जाड आणि साडेतीन इंच रुंद. मधल्या आधाराशिवाय ७६ इंचांचा गाळा असेल, तर ही पट्टी मध्ये सुमारे सव्वा इंच वाकते. मधोमध आधार दिला की गाळा ३८ इंचांचा होतो, आणि तेवढ्याच वजनाला ती इंचाचा सहावा भागही वाकत नाही. फरक फक्त एका दांड्याचा.

हेच गणित खरेदीत दुसऱ्या तऱ्हेने उपयोगी पडते. पट्टी दुप्पट जाड केली तर बाक एक अष्टमांश होतो. दुप्पट रुंद केली किंवा पट्ट्यांची संख्या दुप्पट केली तर तो केवळ निम्मा होतो. तेव्हा "आमच्या फ्रेमला वीस पट्ट्या आहेत" असे विक्रेत्याने सांगितले, तर आधी त्यांची जाडी विचारावी, आणि त्याही आधी मधला दांडा.

सोळा आण्यांतले दहा आणे

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मधला दांडा हा जादाचा टेकू आहे, खरे वजन कडेचे मजबूत दांडे उचलतात, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग पट्टी असेल, तिच्यावर सारखे वजन असेल आणि खाली सारख्या अंतरावर व सारख्या पातळीत तीन आधार असतील, तर मधल्या आधारावर एकूण वजनाचा पाच अष्टमांश भाग येतो. जुन्या हिशेबाने सांगायचे, तर रुपयातले दहा आणे मधल्या दांड्यावर, आणि दोन्ही कडांवर तीन-तीन आणे. पट्ट्या मध्यावर तोडून दोन रांगांत बसवल्या असतील, तरीही मधल्या दांड्यावर निम्मे, म्हणजे आठ आणे येतातच.

आमच्या ४७५ पाऊंडांपैकी जवळजवळ तीनशे पाऊंड मधल्या दांड्याने उचलायला हवे होते. तो दांडा तर घरातच नव्हता!

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, मधला दांडा निदान कडेच्या दांड्यांइतका तरी भक्कम हवा. अनेक देखण्या फ्रेममध्ये कडेला जाड लाकूड असते आणि मध्ये पातळ पत्र्याची पट्टी. दुसरा, दांडा असून पुरत नाही, त्याला जमिनीपर्यंत पोहोचणारे पाय हवेत. उशापासून पायथ्यापर्यंत दांडा ८० इंच लांब असतो. त्याला एकही पाय नसेल, तर आडव्या पट्टीची अडचण आपण उभ्या दांड्यावर ढकलली एवढेच. मध्ये एक पाय दिला तर ४० इंचांचे दोन गाळे होतात, आणि सारख्या अंतरावर तीन पाय दिले तर २० इंचांचे चार. क्वीनला निदान एक आणि किंगला तीन पाय मधल्या दांड्याखाली असावेत, असे मी आता सर्वांना सांगतो.

पट्ट्यांमधली फट

रुंदीतला आधार सांभाळला की पट्ट्यांमधल्या फटीकडे पाहावे. फोम आणि लेटेक्सच्या गाद्या मऊ असल्यामुळे मोठ्या फटीत उतरतात आणि खालच्या बाजूला वळ्या पडतात. या गाद्यांना तीन इंचांपेक्षा जास्त फट नको. साडेतीन इंच रुंदीच्या तेरा पट्ट्या ८० इंचांत सारख्या बसवल्या, तर फट तीन इंचांच्या किंचित आत येते. स्प्रिंगच्या जुन्या पद्धतीच्या गाद्या थोडी जास्त फट सहन करतात, पण उद्या गादी बदलली तर फ्रेम तीच राहणार, हे लक्षात ठेवावे.

पट्ट्या स्क्रूने किंवा कापडी पट्ट्याने जागच्या जागी बांधलेल्या हव्यात. सुट्या पट्ट्या सरकून एकीकडे गोळा होतात. वर कमानीसारख्या फुगलेल्या, दोन रांगांच्या पट्ट्या असतील, तर मध्यावर दोन्ही रांगा एकाच पातळीत आहेत का, हे हाताने चाचपून पाहावे. फटी बुजवायला वर प्लायवूड टाकणार असाल, तर त्याला भोके पाडून घ्या. शरीराची वाफ फोममधून खाली जाते, आणि सलग फळीवर ती अडून बुरशी धरू शकते. आणि प्लायवूड फटी झाकते, मधला दांडा बनत नाही.

दुकानात जाताना

सोबत टेप आणि छोटा टॉर्च न्यावा. विक्रेता बघेल, बघू द्यावा.

१. गादी थोडी उचलून मधला दांडा पाहा. तो लाकडाचा की लोखंडाचा, कडेच्या दांड्यांच्या तुलनेत केवढा?

२. त्याखालचे पाय मोजा. ते कमी-जास्त उंच करता येतात का, म्हणजे तळाशी फिरणारा स्क्रू आहे का, ते पाहा. आपल्याकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट असेल, तर ही सोय हवीच. कडेचे पाय कार्पेटमध्ये एका मापाने रुततात आणि मधले दुसऱ्या.

३. पट्टीची जाडी आणि दोन पट्ट्यांमधली फट मोजा.

४. वजनाची मर्यादा विचारा, आणि तीत गादीचे वजन धरले आहे की नाही तेही विचारा. मुले पलंगावर नुसती झोपत नाहीत, उड्याही मारतात.

५. पट्ट्या आणि मधला दांडा किमतीत आहे की वेगळा घ्यावा लागतो? काही दुकानांत ते वेगळे विकतात, आणि ठळक अक्षरांतली किंमत नुसत्या चौकटीची असते.

६. मधोमध बसा, झोपा, कूस बदला. नंतर एका कडेला बसा. मध्य कडेपेक्षा मऊ लागला किंवा करकर आवाज आला, तर पुढे चला.

७. जुनी फ्रेम घेत असाल तर रिकाम्या खोबणी, रिकामी भोके आणि नसलेले बोल्ट शोधा. ते काहीतरी हरवल्याच्या खुणा असतात. सांध्यांमध्ये टॉर्च मारून ढेकूण नाहीत ना, तेही पाहा.

घरच्या पलंगाची परीक्षा

याला अर्धा तास आणि मदतीला एक माणूस पुरतो. गादी उतरवून भिंतीला लावा. एका कडेच्या दांड्यापासून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणा आणि मध्यावर दोरा व पट्टी यांतले अंतर मोजा. मग कुणाला तरी पलंगाच्या मध्यावर काळजीपूर्वक बसवून पुन्हा मोजा. दोन मापांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक पडला, तर आधार अपुरा आहे असे समजावे.

त्यानंतर मधल्या पायांखाली साधा कागद सरकवा. पलंगावर माणसे बसलेली असताना कागद सहज आरपार गेला, तर तो पाय शोभेचा आहे. स्क्रू फिरवून त्याला जमिनीवर टेकवा. पण हौसेने जास्त फिरवू नका. मधला पाय कडांपेक्षा उंच झाला की पलंगाला मध्ये उंचवटा येतो आणि दोघे दोन बाजूंना घरंगळतात. नवा पलंग कार्पेटवर आठवडाभर बसला की ही तपासणी एकदा पुन्हा करावी.

अडतीस डॉलरची दुरुस्ती

मी नवी फ्रेम घेतली नाही. लाकडाच्या दुकानातून "टू बाय फोर" आणला. इथे नवीन आलेल्यांसाठी सांगतो, याचे खरे माप दीड बाय साडेतीन इंच असते. तो रिकाम्या खोबणींत बसेल असा कापला आणि उभा बसवला, म्हणजे साडेतीन इंचांची बाजू उभी ठेवून. आडवा बसवला असता तर तोच दांडा पाच पटींहून जास्त वाकला असता. त्याखाली उंची बदलता येणारे तीन पाय लावले, आणि कार्पेटमध्ये रुतू नयेत म्हणून प्रत्येकाखाली प्लायवूडचा चार इंची चौकोन ठेवला. दांड्याची वरची कड प्रत्येक पट्टीला टेकते आहे याची खात्री करून दोन-दोन स्क्रू मारले. सगळा खर्च अडतीस डॉलर आणि शनिवारची एक दुपार. सुतारकामाचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी पायांसकट लोखंडी दांडेही तयार मिळतात.

बसलेली गादी मात्र त्याने सरळ झाली नाही. ती आम्हाला बदलावीच लागली. अकराशे डॉलर गेले ते गेलेच.

वॉरंटीचा कागद

"दहा वर्षांची वॉरंटी" ही जाहिरात असते, अटी आतल्या बारीक अक्षरांत असतात. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याखालील नियमांप्रमाणे पंधरा डॉलरपेक्षा महाग ग्राहकोपयोगी वस्तूची लेखी वॉरंटी खरेदीपूर्वी वाचायला मिळणे हा आपला हक्क आहे. तो कागद मागून घ्या आणि चार गोष्टी शोधा: किती इंच झोळ पडल्यास तो दोष मानला जातो, कोणता मधला आधार आणि किती पाय लागतात, काही वर्षांनंतर आपल्याला किमतीचा वाटा द्यावा लागतो का, आणि गादी नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा. बऱ्याच कंपन्यांत झोळाची मर्यादा पाऊण ते दीड इंच असते. वॉरंटी बहुधा पहिल्या खरेदीदारापुरतीच असते.

पावती जपून ठेवा. गादीला शिवलेली चिठ्ठी कापू नका. कापण्यावरची बंदी विक्रेत्यासाठी आहे, ग्राहकासाठी नाही, पण वॉरंटीच्या वेळी ती चिठ्ठी मागितली जाऊ शकते. आणि फ्रेम जोडली त्या दिवशीच मधल्या दांड्याचे व पायांचे फोटो काढून ठेवा.

पाठीविषयी थोडेसे

पाठ दुखली की "जमिनीवर झोप" हा आपल्याकडचा घरगुती सल्ला. स्पेनमधील डॉक्टरांनी २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना नव्वद दिवस कडक किंवा मध्यम कडक गादी दिली होती. आराम जास्त पडला तो मध्यम कडक गादीवाल्यांना. तेव्हा कडकपणा म्हणजे आरोग्य असे समीकरण नाही. आमचा अनुभव असा, की मऊ-कडक यावर वर्षभर वाद घातला आणि खरा दोष पातळीचा निघाला. नव्या गादीखाली सारखा आधार मिळाल्यावर महिन्याभरात आम्हा दोघांच्या तक्रारी पुष्कळच कमी झाल्या. प्रत्येकाच्या पाठदुखीला पलंगच कारणीभूत असेल असे नाही. दुखणे पायात उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा कमजोरी येत असेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर दोरा-टेप बाजूला ठेवून तडक डॉक्टर गाठावा.

एक सूचना तान्ह्या बाळांच्या आई-वडिलांना, आणि मदतीला आलेल्या आजी-आजोबांना. "मोठा पलंग आहे, बाळ मध्ये झोपेल" हे आपल्याला स्वाभाविक वाटते. पण अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचा सल्ला असा, की बाळ आई-वडिलांच्या खोलीत असावे, पण झोपावे त्याच्या स्वतःच्या क्रिबमध्ये, सपाट आणि घट्ट गादीवर. मध्ये खळगा पडलेल्या पलंगावर तर तान्ह्या बाळाला मुळीच झोपवू नये.

असो. उन्हाळ्यात आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील इथे येतील, आणि पाहुण्यांच्या खोलीतल्या, कुणाकडून तरी आलेल्या जुन्या पलंगावर सहा महिने झोपतील. "पलंग नीट नाही" असे ते आपण होऊन म्हणणार नाहीत. "प्रवासाने अंग धरले असेल," म्हणतील. तेव्हा ते येण्याआधीच्या एखाद्या शनिवारी ती गादी उचलून खाली एकदा अवश्य पाहा.